तपेलीवरची जिलब्यांची नक्षी

"मॅडम, तुमच्या बाथरूममध्ये डाग आहेत का?"

भर वर्गात उभं राहून हा प्रश्न विचारायचा, अशी पैज लागली होती. पैज लावणाऱ्या दोघी म्हणजे अक्षता आणि इंद्रायणी, आणि विचारणारी आमची उत्कर्षा, इयत्ता नववी ब. विज्ञानाच्या मॅडम अशा कडक, की साडीवर सुरकुती दिसली तर त्या साडीलाच रागावतील. तरी उत्कर्षानं विचारलं. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"आहेत," त्या म्हणाल्या. "नळाभोवती पांढरे आणि कोपऱ्यात पिवळे. आमच्याकडं बोअरचं पाणी आहे. ते कशानं घासले तर निघतील आणि तरी ओरखडे पडणार नाहीत, हे आता तू शोधून काढायचं. स्वयंपाकघरातले डागही धर त्यात. विज्ञान प्रदर्शनात तुझं नाव लिहिलंय मी."

घ्या! गेली गंमत करायला आणि गळ्यात पडला प्रकल्प.

घरी येऊन तिनं हे सगळं इतक्या मोठ्यानं सांगितलं, की बाथरूमच्या कोपऱ्यात, बादल्यांच्या मागं पडलेल्या मलासुद्धा शब्द न् शब्द ऐकू आला. मी एक जुनी पितळेची तपेली आहे. त्या दिवशी मला बघून 'पितळेची' असं कुणी म्हटलं नसतं म्हणा. बाहेरून मी तव्यासारखी काळी होते आणि आतून पाण्याच्या क्षारानं पांढरीफटक. पण मित्रांनो, मी काही अशी जन्मले नव्हते.

अक्कलकोटच्या पुढं असे बाजार आहेत, जिथं माणसाचं वाक्य मराठीत सुरू होतं आणि कानडीत संपतं. तिथल्या एका तांबटानं मला ठोकून ठोकून आकार दिला. मी उन्हात ठेवली की बघणाऱ्याला डोळे बारीक करावे लागत. एक दिवस एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांनी मला उलटंपालटं केलं, बोटाच्या पेरानं वाजवलं आणि म्हणाले, "लेकीला द्यायची हाय. नाव घालून द्या."

"काय घालू?"

"सुंदरम्मा. आन् खाली तवरुमने."

तवरुमने म्हणजे कानडीत माहेर. छिन्नी माझ्या गळ्याखाली टेकली आणि टक टक टक सुरू झालं. दुखलं, खोटं कशाला बोलू! पण एकेक अक्षर उमटत गेलं. कानडी अक्षरं कशी गोल गोल असतात, एकमेकींच्या गळ्यात हात घातलेल्या मुलींसारखी. शेवटचा टोला पडला आणि मी नुसती तपेली राहिले नाही. मी सुंदरम्माची तपेली झाले.

भांड्यावर नाव का घालतात, ठाऊक आहे तुम्हाला? आता मंगल कार्यालयात सगळं भाड्यानं मिळतं. तेव्हा घरी कार्य निघालं, की गल्लीभरातून भांडी गोळा व्हायची. दहा घरच्या पराती, दहा घरच्या तपेल्या एकाच ढिगात. कार्य उरकल्यावर कोणती कुणाची हे सांगणार कोण? आम्हाला तर बोलता येत नाही. म्हणून आमच्या अंगावरचं नाव आमच्यासाठी बोलतं.

सुंदरम्मा लग्न होऊन सोलापुरात बाळीवेशीला आली, तेव्हा तिच्यासोबत मीही आले. ती मला कशी घासायची ते ऐका. आधी चिंचेचा कोळ लावून थोडा वेळ तसंच ठेवायचं. मग फडक्यातून चाळलेली राख नारळाच्या शेंडीवर घ्यायची. चाळलेलीच हं! राखेत एक जरी खडा राहिला तरी ओरखडा पडतो. शेवटी ती माझ्या नावावरून अंगठा फिरवायची आणि हळूच म्हणायची, "अप्पा." तिचे अप्पा त्याच वर्षी वारले होते.

तिच्या सासूबाईंना, कमलम्मांना, हे लाड बघवायचे नाहीत. "तपेली हाय का देव हाय ती?" असं त्या ओट्यावरून ओरडायच्या. सुंदरम्मा हसायची. तेव्हा ती हसायची.

शेजारच्या दोन खोल्यांत गंगाधर आणि प्रेमला हे जोडपं भाड्यानं राहायला आलं. गंगाधरराव एका ऑफिसात कारकून होते. प्रेमला आणि सुंदरम्मा यांचं इतकं जमलं, की मधल्या भिंतीवरून वाटीभर काही ना काही रोज इकडून तिकडं जायचं. मग प्रेमलाला मुलगी झाली आणि बारसं ठरलं.

"सुंदरम्मा, घुगऱ्यांना मोठं भांडं नाहीये गं माझ्याकडं."

"माझी तपेली न्या की अक्का. लेकीच्या बारशाला माझ्या माहेरची तपेली! अप्पाला लई बरं वाटंल."

म्हणून मी गेले. पाण्यात भिजलेले हरभरे माझ्यात पडले, खाली शेगडी पेटली. आणि नेमकं त्याच वेळी आत पाळणा सुरू झाला. सगळ्या बायका पाळण्याभोवती. बाळाच्या कानात 'उत्कर्षा' म्हणून झालं, पाठीत धपाटे घालून झाले, हसून झालं, आणि इकडं माझ्यातलं पाणी आटून हरभरे करपले. बुडाला तळहाताएवढा काळा चट्टा पडला. घुगऱ्या वरच्या वर काढून वाटल्या गेल्या. कुणाच्या लक्षातही आलं नाही. प्रेमलाच्या मात्र आलं.

"उद्या नीट घासून देते," ती नवऱ्याला म्हणाली. "करपलेली कशी परत द्यायची? किती जपते ती."

उद्याचा परवा झाला. घरात तान्हं बाळ, रात्रभर जागरण. मी कॉटखाली. तेरवा सुंदरम्मा दारात आली आणि सहज म्हणाली, "अक्का, तपेली?"

आता तुम्हीच सांगा, काय अवघड होतं? 'करपली गं, माफ कर,' एवढंच म्हणायचं होतं. सुंदरम्मानं मला घरी नेलं असतं, चिंच लावली असती, दोन दिवसांत विषय संपला असता. पण प्रेमलाची नजर कॉटखाली गेली, माझ्या काळ्या बुडावर अडकली, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "अगं, दिली की! कालच तुझ्या सासूबाईंच्या हातात दिली."

मी कॉटखाली होते, मित्रांनो. हातभर अंतरावर. माझ्या अंगावर तिचं नाव होतं. पण नाव काळोखात होतं, आणि काळोखात कुठलं नाव बोलतं?

थोड्याच वेळात भिंतीपलीकडून कमलम्मांचा आवाज आला.

"माझ्या हातात? कवा दिली? मला येडी ठरवती काय गं?"

"अत्ती, अक्का खोटं कशाला बोलतील?" सुंदरम्मा सासूला म्हणाली.

"मग तूच दिली असशील माहेरी धाडून! न्हायतर इकून खाल्ली असशील!"

सुंदरम्मानं प्रेमलावर विश्वास ठेवला, हेच मला अजून डाचतं. शेजारणीनं खोटं बोलावं, ते एका करपलेल्या बुडासाठी! आणि तिच्यावर विश्वास ठेवणारीनं घरात चोर ठरावं! प्रेमला भिंतीला कान लावून उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. पण पाय काही हलले नाहीत. पुढच्या महिन्यात त्यांनी शहराच्या जुळे सोलापूर भागात घर घेतलं आणि मला पोत्यात घालून घेऊन गेले.

नव्या घरामागं पाणी तापवायची चूल होती. प्रेमलानं मला तिच्यावर चढवलं. रोज लाकडं, रोज धूर. काजळीचा थर चढत चढत गळ्यापर्यंत आला आणि एक दिवस माझं नाव त्याखाली बुडालं. त्या दिवसापासून प्रेमला माझ्याकडं सरळ बघायला लागली. मग गीझर आला आणि माझी रवानगी बाथरूमच्या कोपऱ्यात झाली. बोअरचं पाणी माझ्यात साठायचं, वाळायचं, पांढरं व्हायचं. बाहेरून स्वयंपाकघराचा डाग आणि आतून न्हाणीघराचा! एका अंगावर दोन्ही.

राग कुणाकुणाचा करायचा? उत्कर्षाचा मात्र मला कधी आला नाही. ती बाळ असताना तिच्या अंघोळीचं पाणी माझ्यातच तापायचं. रांगायला लागली तेव्हा तिनं मला पालथी घालून ढोल केला. या घरात मला हसून हात लावणारी ती एकटीच. म्हणून प्रकल्पासाठी तिनं मला बादल्यांमागून ओढून काढलं आणि ती ओरडली, "आई, ही काळी तपेली घेऊ? हिच्यावर दोन्हीकडचे डाग आहेत!" तेव्हा मला वाटलं, आलं, माझं कुणीतरी आलं.

प्रेमला फोनवर बोलत होती. "घे की," ती न बघताच म्हणाली.

उत्कर्षानं खडूनं माझ्या अंगावर पाच उभे पट्टे पाडले. पहिल्यासाठी कोपऱ्यावरच्या भाकरीवाल्या काकूंच्या चुलीतली राख आणली. दुसऱ्यासाठी समोरच्या बांधकामावरचा विटेचा तुकडा कुटला. तिसऱ्याला दुकानातली भांडी घासायची पांढरी पावडर, चौथ्याला बाटलीतलं सफाईचं दाटसर क्रीम आणि पाचव्याला तारेची घासणी. प्रत्येक पट्ट्यावर मोजून शंभर घासे मारायचे, मग भिंगातून बघायचं आणि वहीत लिहायचं.

राखेनं मला ओळखलं. हळूहळू, मायेनं काजळी सोडवली, पण अर्धीच. विटेच्या भुकटीनं काजळी भराभर काढली आणि सुईच्या टोकासारख्या बारीक रेघा मागं ठेवल्या. पांढऱ्या पावडरीचंही तसंच, फक्त रेघा जास्त बारीक. क्रीमनं गुळगुळीत केलं, पण जुन्या काजळीपुढं त्याचं काही चाललं नाही. बाथरूमच्या फरशीवर मात्र तेच पहिलं आलं. आणि तारेची घासणी! विसाव्या घाशातच पितळ लखलखलं. उत्कर्षा नाचायला लागली. मग तिनं भिंग लावलं आणि तिचा चेहरा उतरला. "बाप रे, नांगरट झालीय नुसती!"

तिनं वहीत लिहिलं, "जे सगळ्यात लवकर चमकवतं, तेच सगळ्यात जास्त खातं." आतल्या पांढऱ्या थराला तर पाचांपैकी एकही धड पुरा पडला नाही. शेवटी मॅडमच्या सांगण्यावरून तिनं लिंबाचा रस ओतून ठेवला, आणि तो थर फेसाळत आपोआप सुटला. "काही डाग घासून जात नाहीत, ते भिजवावे लागतात," हेही तिनं लिहिलं. हुशार आहे पोरगी.

दुसरा पट्टा गळ्यापर्यंत नेताना विटेच्या भुकटीखालून माझं नाव वर आलं. आधी एक गोल, मग दुसरा. तब्बल चौदा वर्षांनी माझ्या अक्षरांना उजेड लागला. मला वाटलं, आता बोलेन!

"आई, हे बघ! जिलब्यांची नक्षी आहे हिच्यावर!"

प्रेमला पोळ्या लाटत होती. ती आली, वाकली आणि लाटणं हातात घेऊन तशीच उभी राहिली. मी वाट बघत होते.

"हो," ती म्हणाली. "नक्षी आहे. जुन्या भांड्यांना असायची."

आणि उत्कर्षानं तक्त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आमच्या घरची नक्षीदार तपेली'.

मला लपवलं होतं, ते मी सोसलं. पण जिच्या अंघोळीचं पाणी मी तापवलं, तिच्याच हातानं माझ्या नावाची नक्षी करून टाकावी? अर्थात, तिला बिचारीला काय ठाऊक!

शुक्रवारी शाळेत प्रदर्शनाची तालीम होती. उत्कर्षा छडी घेऊन रुबाबात बोलत होती. तेवढ्यात अक्षता पुढं आली. तिच्या घरी कानडी बोलतात, वाचतातही. ती माझ्यावर वाकली, बोट फिरवलं आणि खो खो हसायला लागली.

"अगं येडे, नक्षी कसली? नाव हाय हे. सुं-द-र-म्मा. आणि खाली तवरुमने. म्हणजे माहेरचं भांडं हाय कुणाचं तरी."

इंद्रायणीनं टाळ्या वाजवल्या. "झालं! आमच्या घरची म्हणे! कुणाची ढापलीस गं?"

"जुन्या बाजारातून घेतली असेल आईनं," उत्कर्षा म्हणाली. हसली पण. माझ्या काठावरचा तिचा हात मात्र गार पडला होता.

घरी आल्यावर तिनं मला जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवलं. आई-बाबा दोघं समोर होते.

"आई, सुंदरम्मा कोण?"

प्रेमलानं आधी नवऱ्याकडं बघितलं. मग ती खुर्चीत बसली आणि तिनं सगळं सांगितलं. बारसं, करपलेला चट्टा, कॉट, भिंतीपलीकडचा आवाज. सांगताना पदर तोंडात कोंबत होती.

"मग नंतर का नाही दिलीस?"

"काय तोंडानं देणार? दिली म्हणून सांगितल्यावर परत द्यायची कशी गं?"

"आता कुठं असतात त्या?"

"तिथंच. गेल्या महिन्यात मंडईत भेटली होती." प्रेमलाचा आवाज खाली गेला. "सासू अंथरुणाला खिळलीय, म्हणाली. नव्वदीच्या आहेत. सगळं हीच करते त्यांचं. पण त्या तपेली काही विसरल्या नाहीत. भरवायला बसली की विचारतात, कुठं विकलीस सांग."

"अजून? रोज?"

गंगाधरराव खाकरले. "हे बघ बेटा, झालं गेलं. उद्या प्रदर्शनाला पालक येणार, त्यात बाळीवेशीची मंडळीही असतील. कुणी वाचलं तर आईची काय शोभा राहील? नंबरही जाईल तुझा. ते नाव तेवढं घासून टाक. तारेच्या घासणीनं जाईल ना?"

"जाईल," उत्कर्षा पुटपुटली. तिलाच पक्कं ठाऊक होतं. तिनंच तर मोजलं होतं.

"टाक गं," प्रेमला रडत म्हणाली. "माझ्यासाठी."

आणि मित्रांनो, तिनं घासणी उचलली.

मला त्या घासणीची भीती वाटली नाही. शंभर घासे मी आधीच खाल्ले होते. भीती वाटली ती त्या हाताची, कारण तो माझ्या ओळखीचा होता. पहिला घासा 'सुं'वर पडला. मग दुसरा. तिसरा. आजवर मला लपवणाऱ्यांनी फक्त झाकलं होतं. पुसायला कुणी धजलं नव्हतं. पुसत होती ती उत्कर्षा. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि नाकावरून एक थेंब टपकन माझ्यावर पडला.

तिसऱ्या घाशानंतर सवयीनं तिनं भिंग लावलं, वही पुढं ओढली आणि पेन उघडलं. तिच्या वहीत एक रकाना होता, 'काय निघालं?' त्यात ती काजळी, क्षार, तेल असं लिहायची. पेन त्या रकान्यावर टेकलं आणि तिथंच थांबलं. काजळी नाही, क्षार नाही; या वेळी निघत होतं ते नाव. शाईचा ठिपका मोठा होत गेला.

तुम्हाला माझं एकच सांगणं आहे. भांडी घासा, जरूर घासा. राखेनं घासा, पावडरीनं घासा, डाग बघून साधन निवडा. पण त्याआधी भांडं उजेडात धरून त्याच्यावर काय लिहिलंय ते वाचा. वाचता आलं नाही तर त्याला नक्षी म्हणू नका, ज्याला वाचता येतं त्याला विचारा. आणि कुणाचं भांडं तुमच्या हातून करपलं, तर करपलेलंच परत द्या. करपलेलं भांडं घेऊन कुणी मरत नाही. न मिळालेल्या भांड्यापायी मात्र एक बाई चौदा वर्षं रोज बोलणी खातेय.

उत्कर्षानं घासणी कचऱ्याच्या डब्यात टाकली. मला धुतलं, कोरडं पुसलं, आणि 'सुं'वर अंगठा ठेवून तपासलं. अक्षर फिकट झालं होतं, पण होतं. मग तिनं डोळे पुसले, मला काखेत घेतलं आणि आई-बाबांकडं तोंड केलं.

"मी ठरवलंय. प्रदर्शनात उद्या फक्त वही आणि तक्ता ठेवणार, तपेली नाही. नंबर गेला तर गेला. आत्ता मी रिक्षा करून बाळीवेशीला चाललेय. ही तपेली सुंदरम्मा मावशींच्या हातात नाही देणार, कमलम्मा आजींच्या हातात देणार, आणि मावशींच्या समोर सांगणार, की ती आमच्याकडं होती, आमच्या आईनं दिलीच नव्हती. आई, हे तू सांगितलंस तर जास्त बरं होईल. नाही आलीस, तर मी सांगणार."